डिजियात्रा: चेहरा दाखवावा की कार्ड?

डिजियात्रा, म्हणजे ओळखपत्राऐवजी चेहरा दाखवून विमानतळात शिरायची ॲपवरची सोय, सेवा म्हणून वाईट नाही. आधारवरचं आणि तिकिटावरचं नाव सारखं असेल, आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू असेल आणि प्रवास देशातल्या देशात असेल, तर विमानतळाच्या दारातली रांग खरोखरच वाचते. यातली एक जरी अट हुकली तरी ॲपशी झटापट करण्यापेक्षा पाकिटातलं कार्ड काढून जवानापुढे धरणं केव्हाही सोपं. पाचपैकी गुण द्यायचे तर तंत्राला चार आणि ती लोकांच्या गळ्यात मारण्याच्या पद्धतीला दोन.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली आणि ठाणे, ऐरोली, खारघर, पनवेलच्या लोकांना अंधेरी-सांताक्रूझच्या गर्दीत न शिरता विमान पकडायची सोय झाली. त्यामुळे पहिल्यांदाच विमानाने जाणाऱ्यांची संख्याही या पट्ट्यात वाढली आहे, आणि त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो: डिजियात्रा नसेल तर आत सोडत नाहीत का? सोडतात. ही सेवा पूर्णपणे ऐच्छिक आहे, असं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने संसदेतही सांगितलेलं आहे. तरीही दारापाशी वातावरण असं असतं की नवख्या माणसाला ती सक्तीचीच वाटते.

आधी ॲप कसं चालतं ते. डिजियात्रा १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळूर आणि वाराणसीत सुरू झाली, मुंबईला ऑगस्ट २०२३ मध्ये आली. ॲप उतरवायचं, मोबाइल नंबरवर आलेला ओटीपी टाकायचा, मग डिजिलॉकरमार्फत, म्हणजे कागदपत्रं ठेवायच्या सरकारी ॲपमार्फत, आधारची माहिती घ्यायला संमती द्यायची. इथे दुसरा ओटीपी येतो आणि तो आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो. घरातल्या ज्येष्ठांचं घोडं नेमकं इथे अडतं, कारण आधार काढताना दिलेला नंबर मुलाचा असतो किंवा कधीच बंद पडलेला असतो. पुढची पायरी सेल्फीची. चष्मा, टोपी काढून, चेहऱ्यावर समोरून उजेड येईल असं उभं राहायचं. खिडकीकडे पाठ केली की ॲप हमखास नकार देतं. सेल्फी आधारवरच्या फोटोशी जुळली की ओळखीचा भाग संपला. हे एकदाच करावं लागतं. मात्र ही माहिती फोनमध्येच राहते, म्हणून फोन बदलला की सगळं पहिल्यापासून.

प्रत्येक प्रवासाच्या वेळी करायचं काम वेगळं. वेब चेक-इन झाल्यावर मिळालेला बोर्डिंग पास ॲपमध्ये चढवायचा आणि ‘शेअर’चं बटण दाबून ज्या विमानतळावरून निघायचं तिथे पाठवायचा. बरेच जण बोर्डिंग पास चढवतात आणि शेअर करायचं विसरतात. मग दारावरच्या यंत्राला तुम्ही कोण ते ठाऊकच नसतं. चौघांचं एकत्र तिकीट असेल तर विमान कंपनीच्या पीडीएफमध्ये चार बारकोड येतात. त्यातला आपलाच चढवायचा. दारावर बारकोड दाखवायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं, फाटक उघडतं. सुरक्षा तपासणीच्या तोंडाशी पुन्हा तसंच.

इथे एक अपेक्षाभंग आधीच सांगून ठेवलेला बरा. बॅग ट्रेमध्ये ठेवणं, लॅपटॉप बाहेर काढणं, दांडीच्या यंत्राने होणारी अंगझडती यातलं काहीही डिजियात्राने कमी होत नाही. वाचते ती फक्त कागद आणि ओळखपत्र पाहणाऱ्या माणसापुढची रांग. सकाळच्या गर्दीच्या वेळी ती मोठी असते, दुपारी दोन-अडीचला नसतेही. रांगच नसताना ॲप उघडून बसण्यात काही हशील नाही.

आता नावाचा घोळ, कारण डिजियात्रा असो वा कार्ड, माणसं अडकतात ती बहुतेक इथेच. आपल्याकडे नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. आधारवर ‘प्रकाश रामचंद्र पाटील’, तिकिटावर ‘प्रकाश पाटील’, जुन्या मतदार ओळखपत्रावर ‘पाटील प्रकाश रामचंद्र’. दारावरचा जवान हे तिन्ही डोळ्यांनी बघतो, फोटो बघतो आणि सोडतो. मधलं नाव तिकिटावर नाही म्हणून देशांतर्गत प्रवासात सहसा कुणी अडवत नाही. यंत्राचं तसं नसतं. ते अक्षरं जुळवतं, आणि नाव जुळत नसल्याचा संदेश देऊन मोकळं होतं. बोर्डिंग पासवर नाव छापताना आडनाव आधी येतं आणि पहिलं-मधलं नाव एकमेकांना चिकटून एकच लांबलचक शब्द होतो, ते मात्र नेहमीचंच आहे; त्याला घाबरायचं कारण नाही.

खरा त्रास लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना. पॅनवर माहेरचं, आधारवर सासरचं, तिकीट काढून देणाऱ्या दिराने तिसरंच काहीतरी लिहिलेलं. अशा वेळी नियम सोपा ठेवायचा: जे कार्ड दारात दाखवणार आहात त्यावर जसं नाव आहे तसंच, त्याच स्पेलिंगने तिकिटावर. विवाह नोंदणीचा दाखला बरोबर असला तर समजावून सांगायला मदत होते, पण तो ओळखपत्राच्या जागी चालत नाही. स्पेलिंगमध्ये ‘वाघमारे’चा पहिला व्ही की डब्ल्यू, ‘विद्या’त एच आहे की नाही, अशा फरकांवर जवान डोळेझाक करील, ॲप करणार नाही.

तिकीट एजंटाकडून काढत असाल तर नाव फोनवर सांगू नका. व्हॉट्सॲपवर आधारचा फोटोही टाकू नका. इंग्रजी स्पेलिंग टाइप करून पाठवा आणि तिकीट हातात पडताच ताडून बघा. विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलेल्या तिकिटावरची नावातली चूक २४ तासांच्या आत कळवली तर दुरुस्तीला पैसे घेता येत नाहीत, असा डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियम आहे. एजंटाकडच्या किंवा प्रवास-ॲपवरच्या तिकिटाला दुरुस्तीसाठी त्यांच्याकडेच जावं लागतं आणि तिथे वेळ जातो. एका प्रवाशाच्या जागी दुसऱ्याचं नाव घालणं ही दुरुस्ती नव्हे. त्याला नवं तिकीटच लागतं.

नावाखालोखाल फोटो. आधारचे पहिले फोटो २०११-१२ च्या सुमारास शाळेच्या खोल्यांत, वेबकॅमवर, अंधुक उजेडात काढलेले आहेत. दहावीतल्या मुलाचा फोटो आणि आजचा दाढीवाला इंजिनीअर हे यंत्राला जुळत नाहीत यात त्याचा दोष नाही. आधार केंद्रावर नवा फोटो काढून घेता येतो. ऑक्टोबर २०२५ पासून बायोमेट्रिक बदलाचं शुल्क १२५ रुपये आहे, नुसतं नाव-पत्ता बदलायचं ७५. हे काम प्रवासाच्या आदल्या आठवड्यात काढू नका.

एक खास आपल्याकडचा घोटाळा. आता तिकिटावर ‘मुंबई’ दिसलं म्हणजे विमानतळ कुठला ते ठरत नाही. सांताक्रूझ-सहारचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. डिजियात्रामधला बोर्डिंग पास त्या-त्या विमानतळापुरताच जातो. कोपरी पूल ओलांडून सहारला पोचलात आणि तिकीट एनएमआयचं निघालं, तर ॲप काय आणि कार्ड काय, कुणीच आत घेणार नाही.

आता तक्रारीचा मुद्दा. टर्मिनलच्या दारापाशी रंगीत टी-शर्ट किंवा जाकिटातली मुलं-मुली उभी असतात. ती येणाऱ्याला हाताने डिजियात्राच्या फाटकाकडे वळवतात, ॲप नसेल तर तिथल्या तिथे नोंदणी करून देऊ म्हणतात. ती सीआयएसएफची, म्हणजे विमानतळाच्या सुरक्षा दलाची, माणसं नव्हेत. त्यांना तुम्हाला अडवायचा अधिकार नाही. देशातल्या वेगवेगळ्या विमानतळांवर प्रवाशांना नीट न सांगता चेहऱ्याचा फोटो घेतल्याच्या तक्रारी २०२३-२४ मध्ये बऱ्याच गाजल्या. म्हणून सरळ म्हणायचं: ‘मला डिजियात्रा नको, ओळखपत्र दाखवून जायचंय, साधी रांग कुठली?’ एवढं पुरतं. कारण द्यायची गरज नाही, खासगीपणावर भाषण तर नकोच. छोट्या स्टँडवरच्या टॅबलेटपुढे उभं करून कुणी ‘जरा इकडे बघा’ म्हणालं, तर बघण्याआधी विचारा की हे कशासाठी. उत्तर डिजियात्रा असेल आणि तुम्हाला ती नको असेल, तर बाजूला व्हा.

संमतीला इतकं महत्त्व का, ते या सेवेची मालकी पाहिली की कळतं. डिजियात्रा चालवणारं फाउंडेशन ही सरकारी कचेरी नाही. ती ना-नफा कंपनी असून तिच्यात विमानतळ प्राधिकरणाचा हिस्सा २६ टक्के आणि उरलेला ७४ टक्के दिल्ली, मुंबई, बंगळूर, हैदराबाद आणि कोची विमानतळ चालवणाऱ्या कंपन्यांचा. ओळखीची माहिती तुमच्याच फोनमध्ये राहते आणि विमानतळाला पाठवलेला भाग विमान सुटल्यावर २४ तासांत पुसला जातो, असं धोरण सांगतं. व्यवस्था कागदावर चांगली आहे. पुसलं की नाही हे प्रवाशाला स्वतः पडताळता येत नाही, एवढंच. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे. तोवर सावधगिरी आपली आपण.

ओळखपत्रच दाखवायचं ठरवलंत, तर कुठलं? नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोने, म्हणजे बीसीएएसने, ऑक्टोबर २०१७ मध्ये दहा कागदपत्रांची यादी काढली. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, आधार किंवा एम-आधार, पॅन, वाहन परवाना ही पाच सगळ्यांना माहीत आहेत, आणि ‘आधारच पाहिजे’ असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. पॅनवर पत्ता नसतो म्हणून चालत नाही, ही समजूतही चुकीची. दारावर पत्ता नव्हे, माणूस पाहायचा असतो. उरलेल्या पाचांत मात्र बारीक अटी आहेत आणि आपल्या भागातली माणसं तिथेच फसतात.

बँकेचं फोटोचं पासबुक चालतं, पण राष्ट्रीयीकृत बँकेचं. ठाण्या-डोंबिवलीत निम्म्या घरांची खाती सहकारी बँकांत. ती पासबुकं या यादीत बसत नाहीत. विद्यार्थ्याचं ओळखपत्र चालतं, पण सरकारी संस्थेने दिलेलं. नेरूळ, खारघर, वाशीच्या खासगी महाविद्यालयांच्या गळ्यात घालायच्या कार्डावर भरवसा ठेवून सहलीला निघालेल्या मुलांना दारात घाम फुटतो. नोकरीचं ओळखपत्र केंद्र-राज्य सरकार, सार्वजनिक उपक्रम, स्थानिक संस्था किंवा पब्लिक लिमिटेड कंपनीचं हवं. म्हणजे महापालिकेच्या किंवा सिडकोच्या कर्मचाऱ्याचं चालेल, ऐरोली-महापेच्या एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं दारं उघडणारं कार्ड चालणार नाही. पेन्शनचं फोटो असलेलं कार्ड किंवा कागद आणि दिव्यांगत्वाचं फोटोसह ओळखपत्र किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र ही शेवटची दोन. रेशनकार्ड, लोकलच्या पासचं ओळखपत्र, सोसायटीचं कार्ड यांचा उपयोग शून्य.

सगळं मूळ प्रतीत हवं. झेरॉक्स चालत नाही, साक्षांकित असली तरी. आधार यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरून उतरवून घरी छापलेलं असेल तर ते ग्राह्य आहे, पण कोपऱ्यावरच्या दुकानातून प्लास्टिकवर चकचकीत छापून घेतलेल्या कार्डांना यूआयडीएआयने २०२२ मध्येच नापसंती दर्शवली होती. ज्याला प्लास्टिकचंच हवं त्याने ते यूआयडीएआयकडूनच मागवावं.

फोनमधल्या कागदपत्रांचं गणित एका गोष्टीवर अवलंबून आहे: ते डिजिलॉकरमध्ये कुठल्या कप्प्यात आहे. ‘इश्यूड’ म्हणजे सरकारी खात्याकडून थेट आलेला परवाना, पॅन किंवा आधार कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीचा. स्वतः फोटो काढून चढवलेलं कार्ड तिथे असलं तरी त्याची किंमत गॅलरीतल्या फोटोइतकीच. जवानाला ॲप उघडून, आतून कागद दाखवायचा. स्क्रीनशॉट दाखवला की वाद सुरू. आणि दारापाशी नेट रेंगाळतं, लॉगिन निघून जातं, ओटीपी येत नाही. घरून निघतानाच ॲप एकदा उघडून ठेवा. बॅटरी संपली तर काय, याचं उत्तर पुन्हा पाकिटातलं कार्ड हेच. डिजियात्रा वापरणाऱ्यालाही मूळ ओळखपत्र जवळ ठेवायला सांगितलं जातं ते उगाच नाही: बोर्डिंगच्या फाटकावर विमान कंपनीचा कर्मचारी ते मागू शकतो.

यादीतलं काहीच जवळ नसेल, पाकीट चोरीला गेलं असेल तर? एक वाट आहे, पण ती कचेरीच्या वेळातच उघडी असते. केंद्र किंवा राज्य सरकारच्या ‘गट अ’ राजपत्रित अधिकाऱ्याने त्याच्या लेटरहेडवर, तुमचा फोटो लावून आणि साक्षांकित करून दिलेला ओळखीचा दाखला. इथे ‘राजपत्रित’ एवढंच लक्षात ठेवून लोक चुकतात. तहसीलदार गट अ मध्ये येतो, नायब तहसीलदार राजपत्रित असूनही गट ब मध्ये. सही चुकीच्या माणसाची झाली तर कागद फुकट. पोलिसांत दिलेली तक्रारीची प्रत जवळ ठेवावीच, पण नुसत्या तिच्यावर आत जाता येत नाही. रविवारी पहाटेचं विमान असेल तर तिकीट पुढे ढकलणं हाच व्यवहार.

लहान मुलांचं सोपं आहे. वैध ओळखपत्र असलेले आई-वडील किंवा पालक बरोबर असतील तर मुलांना वेगळं ओळखपत्र लागत नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या जन्माचा दाखला मात्र विमान कंपनी वयासाठी मागते. मुलं बरोबर असताना अर्धं कुटुंब चेहऱ्याच्या फाटकातून आणि अर्धं जवानापुढून, असं करू नका. सगळे साध्या रांगेने जा.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांचाही कुठलं ओळखपत्र दाखवायचं हाच प्रश्न असतो, म्हणून थोडक्यात. तिथे ७ मे २०२५ पासून रिअल आयडीची, म्हणजे ठरावीक निकषांत बसणाऱ्या ओळखपत्राच्या नियमाची, अंमलबजावणी सुरू झाली आहे आणि फेब्रुवारी २०२६ पासून योग्य ओळखपत्र नसलेल्याला ४५ डॉलर भरून ओळख पटवून घ्यावी लागते. भारतीय पासपोर्ट तिथे ग्राह्य आहे, त्यामुळे तिथल्या अंतर्गत विमानांसाठीही तोच खिशात ठेवा. तपासणीच्या जागी कॅमेरा फोटो घेऊ लागला तर नकार देता येतो. विनाओळखपत्र उडण्याचा हक्क मागत तिथे जॉन गिलमोर या नागरी हक्कांच्या कार्यकर्त्याने थेट सरकारवर खटला गुदरला होता. २००६ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. आपल्याकडे कार्ड दाखवायला ना नाही कुणाची, भांडण आहे ते कुठलं दाखवायचं याचं.

दारात खरंच अडवलं तर हुज्जत जवानाशी घालू नका. वैध कार्ड असूनही ‘नाही चालत’ म्हणाला, तर पाळीवरच्या निरीक्षकाला बोलवायची विनंती करा. बीसीएएसच्या २०१७ च्या यादीचं नाव काढलं की बरेचदा तिथेच निभावतं, कारण ती यादी त्यांनाही पाठ असते. चुकतो तो सहसा नवा माणूस. फोन काढून चित्रीकरण करू नका. सुरक्षेच्या जागी त्याला मनाई आहे आणि तुमचीच बाजू लंगडी पडते. दाराचा क्रमांक, वेळ आणि काय बोलणं झालं ते लिहून ठेवा आणि नंतर मंत्रालयाच्या एअरसेवा ॲपवर तक्रार टाका. ‘कर्मचारी उद्धट होते’ असं लिहिलं तर गुळमुळीत उत्तर येतं. ‘अमुक दारावर, अमुक वाजता, पॅनकार्ड दाखवूनही आधारच मागितलं’ असं लिहिलं तर त्यांना उत्तर द्यावं लागतं. विमान चुकलं असेल तर चुकलेल्या तिकिटाचा क्रमांक आणि दारापाशी पोचल्याची वेळ दाखवणारी टॅक्सीची पावतीही जोडा.

डिजियात्रा नको झाली तर ॲप नुसतं फोनवरून काढून टाकू नका. आधी ॲपच्या आतून ओळखपत्राची आणि प्रवासाची नोंद काढा, मग ॲप. चढवलेले जुने बोर्डिंग पास फोनच्या डाउनलोड्समध्ये पडून राहतात, तेही साफ करा. त्यांवर तुमचं नाव आणि पीएनआर दोन्ही असतात.